हॅमिल्टनला दुसऱ्यांदा आत का घेतलं? स्पा 2024, एक टायर आणि दीड किलो

तुम्ही तिघा मित्रांनी स्पाच्या रेसवरून वाद घालून मला लिहिलंत. तुमच्या प्रश्नात तीन भांडणं एकमेकांत अडकली आहेत, ती आधी सुटी करतो. 28 जुलै 2024 ला बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर, फॉर्म्युला वनच्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये जॉर्ज रसेलने एकच पिटस्टॉप (टायर बदलायला आत थांबणं) करून रेस मारली. त्याच्याच मर्सिडीज संघातला लुईस हॅमिल्टन दोन स्टॉप करून 0.526 सेकंद मागे राहिला. मग रसेलची गाडी काट्यावर दीड किलो कमी भरली, तो बाद झाला आणि विजय हॅमिल्टनच्या नावावर लागला. तुमच्यातला एक म्हणतो, मर्सिडीजने हॅमिल्टनला उगाच दुसऱ्यांदा आत बोलावून त्याची जिंकलेली रेस घालवली. दुसरा म्हणतो, कसलं काय, रसेल त्या दिवशी सरळ सरळ भारी होता. तिसऱ्याचं म्हणणं, वजन कमी भरलं ते टायर झिजल्यामुळेच, म्हणजे ज्या युक्तीने जिंकला तीच लबाडी.

मी मूळचा कोल्हापूरचा. गो-कार्टच्या चाकांपासून सुरुवात केली आणि पुढे कोईमतूरच्या करी ट्रॅकवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला बरीच वर्षं टायरचं काम केलं. फॉर्म्युला वनच्या पिटमध्ये मी कधी उभा राहिलेलो नाही, हे आधीच सांगतो. पण रबर सगळीकडे सारखंच रुसतं.

माझा निकाल आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. हॅमिल्टनला बोलावणं ही त्या क्षणी चूक नव्हती. रसेलची गाडी चालवणं त्या दिवशीचं सर्वांत चांगलं होतं. आणि तरीही तो बाद झाला हे बरोबर झालं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता सुरुवात शुक्रवारपासून करावी लागेल. टीव्हीवर रेस रविवारी सुरू होते, टायरवाल्यांची रेस शुक्रवारी दुपारी सुरू होते. त्या दिवशी संघ पेट्रोल भरून सलग दहा-बारा फेऱ्या मारतात आणि टायर किती ढासळतो ते मोजतात. स्पाला टायर पुरवणाऱ्या पिरेलीने सी2, सी3 आणि सी4 ही तीन रबरं आणली होती, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या पाच प्रकारांतली मधली तीन. शुक्रवारी या टायरांची पडझड बरीच दिसली. ट्रॅकच्या काही भागात नवं डांबर टाकलेलं होतं, त्याचाही कुणाला नीट अंदाज नव्हता. शनिवारी पावसाने ट्रॅक धुऊन काढला, पात्रता फेरी ओल्यातच झाली. म्हणजे रविवारी हाताशी होते ते शुक्रवारचे आकडे, आणि ते आकडे सांगत होते की दोन स्टॉप करा. जवळपास सगळ्यांच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

मग बदललं काय? ट्रॅक. गाड्या फिरतात तसं रबर डांबरावर बसत जातं. धुतलेला ट्रॅक म्हणजे नवी पॉलिश पेपरची शीट, आणि रबर बसलेला ट्रॅक म्हणजे तीच शीट दहा फळ्या घासून झाल्यावरची. पहिल्या दहा फेऱ्यांत जो टायर सोलून निघाला, तसाच टायर विसाव्या फेरीनंतर निवांत चालतो. चेन्नईत दोन रेसच्या दिवशी मी हे कितीदा तरी पाहिलंय. सकाळच्या रेसचा टायर काढला की पृष्ठभागावर बारीक बारीक लाटा, हात फिरवला तर किसणीसारखा लागतो. याला ग्रेनिंग म्हणतात. दुपारच्या रेसचा टायर, तीच गाडी, तोच चालक, ऊन उलट जास्त, आणि टायर मात्र गुळगुळीत, काळाभोर, पाटीसारखा. शुक्रवारचा आकडा खोटा नव्हता, तो शुक्रवारचा होता एवढंच.

आता फेरीच्या वेळा वाचायच्या कशा, ते सांगतो, कारण तुमच्या वादात इथेच गडबड झालीय. तुम्ही लिहिलंय की रसेलच्या फेऱ्यांच्या वेळा मधल्या टप्प्यात जवळजवळ एकसारख्या होत्या, म्हणजे टायर झिजतच नव्हता. तसं नसतं. 2024 ला गाडी सुरुवातीला जास्तीत जास्त 110 किलो इंधन घेऊन निघायची. स्पाला फेऱ्या 44, म्हणजे दर फेरीला दोन ते अडीच किलो जळायचं. ढोबळ हिशेब असा की दर 10 किलोमागे एका फेरीत तीन दशांश सेकंदांच्या आसपास फरक पडतो, आणि स्पाची फेरी 7 किलोमीटरची, सर्वांत लांब, त्यामुळे तिथे थोडा जास्तच. म्हणजे काहीही न करता गाडी दर फेरीला सात-आठ शतांश सेकंदांनी वेगवान व्हायला हवी. ती होत नसेल, वेळ जागच्या जागी असेल, तर टायर दर फेरीला तेवढंच खातोय. दहा फेऱ्यांत पाऊण सेकंद. फेरीच्या वेळांच्या आलेखातली सपाट रेघ म्हणजे न झिजणारा टायर नव्हे. सपाट रेघ म्हणजे हलकी होत जाणारी गाडी आणि ढासळत जाणारा टायर यांची बरोबरी. ज्याची रेघ वर चढायला लागली त्याचं बोट सुटलं, एवढं लक्षात ठेवा.

रसेलची रेघ चढली नाही. दहाव्या फेरीला त्याने मीडियम (मधल्या कडकपणाचा टायर) टाकून हार्ड (सर्वांत कडक) घातला आणि तोच टायर 34 फेऱ्या नेला. सहाव्या जागेवरून निघालेला गडी. बाकी पुढचे सगळे दुसऱ्या स्टॉपचा विचार करत असताना रेडिओवर एका स्टॉपचा विषय त्यानेच काढला, हे विसरू नका. पिटमधल्या संगणकाला टायरच्या आतलं तापमान कळतं, दाब कळतो, पण मागचा टायर ला सूर्सच्या वळणातून बाहेर पडताना किती सरकतोय हे बुडाला कळतं. मराठीत बोलायचं तर गाडी चालकाला ढुंगणाने कळते. माफ करा, पण आमच्यात हेच म्हणतात आणि याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

टायर वाचवणं म्हणजे हळू चालवणं असा एक समज आहे. तो मोडायला हवा. टायर दोन प्रकारे मरतो. एक म्हणजे झीज, रबर खरोखर कमी होणं. दुसरं म्हणजे ताप. टायर सरकला की पृष्ठभाग भाजतो, भाजलेलं रबर पकड सोडतं, पकड सुटली की आणखी सरकतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झालं की दोन-तीन फेऱ्यांत सगळं हातातून जातं. चांगला चालक हे सुरूच होऊ देत नाही. तो पूर्ण वेगाने जातो, पण जिथे टायर सरकतो तिथे तेवढा अर्धा क्षण थांबतो. बस स्टॉप नावाच्या वळणाच्या आधी ब्रेक मारण्यापूर्वी जरा लवकर पाय उचलतो. ला सूर्समधून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ होईपर्यंत पाय पूर्ण दाबत नाही. पूआँच्या लांबलचक डाव्या वळणात, जिथे उजव्या बाजूच्या टायरांवर सगळा भार येतो, तिथे एकदाच वळवून गाडी धरून ठेवतो, मध्ये दुरुस्त्या करत बसत नाही. फेरीत यामुळे जातात दोन दशांश. वाचतं ते पुढच्या पंधरा फेऱ्यांचं आयुष्य.

आता येतो हॅमिल्टनवर. तो तिसऱ्या जागेवरून निघाला होता. पात्रता फेरीत सर्वांत वेगवान मॅक्स व्हर्स्टॅपन होता, पण इंजिनाच्या दंडामुळे दहा जागा मागे, म्हणून पहिल्या जागेवर फेरारीचा शार्ल लक्लेर. हॅमिल्टनने तिसऱ्या फेरीत केमेलच्या सरळ रस्त्यावर लक्लेरला मागे टाकलं आणि नंतर पुढची गाडी म्हणून रेस आखत बसला. आणि इथेच अडचण आहे. पुढे असलेला माणूस मोकळा नसतो. पंचविसाव्या फेरीच्या सुमारास लक्लेर दुसऱ्या स्टॉपला आत गेला. आता मर्सिडीजच्या भिंतीवर (पिटच्या कडेला संघाचे निर्णय घेणारे असतात ती जागा) तुम्ही उभे आहात असं समजा. नव्या टायरवरचा लक्लेर बाहेर पडल्यावर फेरीला एक-दीड सेकंद वेगाने येणार. तुम्ही हॅमिल्टनला आत घेतलं नाही आणि नंतर त्याचा टायर बसला, तर तो पुढे गेलेला असेल. यालाच अंडरकट म्हणतात. स्पाला पिटस्टॉपला साधारण वीस सेकंद जातात, आणि लक्लेर काही वीस सेकंद मागे नव्हता. म्हणून लगेच पुढच्या फेरीला, 26व्या फेरीला, हॅमिल्टनला आत घेतलं. पुस्तकी खेळी, आणि मीही तीच केली असती.

हॅमिल्टन नंतर म्हणाला की टायरमध्ये अजून जीव होता. बरोबर आहे, होता. पण त्या क्षणी तो जीव किती फेऱ्यांचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संघाकडे दोन गाड्या होत्या. पुढच्याने राखायचं असतं, मागच्याने जुगार खेळायचा असतो. रसेलला गमवायला काय होतं? पाचवी-सहावी जागा. हॅमिल्टनला गमवायला पहिली होती. तुम्ही म्हणाल, मग हाच जुगार हॅमिल्टनला का दिला नाही, तो फेरारीला चाललाय म्हणून? त्या वर्षाच्या सुरुवातीलाच तो 2025 पासून फेरारीत जाणार हे जाहीर झालं होतं, त्यामुळे हा संशय प्रत्येक स्टॉपनंतर उठायचा. पण भिंतीवरच्या माणसाकडे असल्या राजकारणाला वेळ नसतो हो. त्याच्याकडे नव्वद सेकंद असतात, कानात चार आवाज आणि समोर लक्लेरच्या गाडीचा ठिपका पिटकडे वळलेला.

दोन योजनांतला फरक किती होता, ते बघा. 26व्या फेरीनंतर 18 फेऱ्या उरल्या. वीस सेकंद भरून काढायला फेरीला 1.1 सेकंद लागतात. हॅमिल्टन आधी रसेलच्या पुढे होता, तेवढी सूट मिळाली, म्हणून गणित जमत आलं. 308 किलोमीटर आणि एक तास वीस मिनिटांनंतर दोघांत अर्धा सेकंद. म्हणजे दोन्ही योजना वेळेत जवळपास सारख्याच निघाल्या. फरक इतकाच की एकाला रस्ता मोकळा होता आणि दुसऱ्याला पुढची गाडी ओलांडायची होती. टायरच्या कामात हा धडा फार लवकर मिळतो की वेळ सारखी असेल तर पुढे असलेला जिंकतो.

2019 ची हंगेरीची रेस आठवा. तिथे हॅमिल्टनला 48व्या फेरीला दुसऱ्यांदा आत घेऊन मीडियम घातले होते, आणि त्याने वीस सेकंदांचा पाठलाग करून 67व्या फेरीला व्हर्स्टॅपनला गाठून मागे टाकलं. 70 फेऱ्यांची रेस. 2021 ला बार्सिलोनातही तसंच, सहा फेऱ्या शिल्लक असताना. मग स्पाला का नाही जमलं? कारण त्या दोन्ही दिवशी पुढच्या गाडीचा टायर खलास झालेला होता. वळणातून बाहेर पडतानाच व्हर्स्टॅपन लुळा पडत होता. स्पाला रसेलचा टायर म्हातारा होता पण लुळा नव्हता, आणि जिथे जोर लावायला हवा तिथे त्याने तो राखून ठेवला होता. शेवटच्या तीन-चार फेऱ्या पुन्हा लावून बघा, पण डोळे केमेलच्या सरळ रस्त्यावर लावू नका, सगळे तिथेच बघतात. ला सूर्सच्या बाहेर बघा. रसेल तिथून दर वेळी नीट, आधी सरळ होऊन निघतो. रेडियाँची चढण चढून वर येईपर्यंत हॅमिल्टन हवेच्या गोंधळात अडकून थोडा मागे पडलेला असतो, आणि मग डीआरएस (मागचा पंख उघडून सरळ रस्त्यावर वेग वाढवणारी तेव्हाची सोय) उघडूनही ब्रेकच्या खुणेपर्यंत शेजारी येता येत नाही. मागच्या गाडीला पुढच्या गाडीची विस्कटलेली हवा मिळते, पंखांचा दाब कमी होतो, टायर सरकतो, तापतो. म्हणजे नवा टायर असलेलाच माणूस पाठलागात टायर जाळत असतो. हॅमिल्टनच्या मागे मॅकलारेनचा ऑस्कर पियास्त्रीही येऊन चिकटला होता. दुसऱ्या स्टॉपला तो पिटमधल्या आपल्या खुणेच्या जरा पुढे घसरला आणि वेळ गेला, नाहीतर आज आपण रसेल-हॅमिल्टनऐवजी भलत्याच माणसाबद्दल बोलत असतो.

एक उदाहरण आपल्याकडचं देतो, कारण ते मी स्वतः ग्रेटर नोएडाच्या स्टँडमध्ये बसून पाहिलंय. 27 ऑक्टोबर 2013, बुद्ध सर्किट, तिसरी आणि शेवटची इंडियन ग्रां प्री. लोक सेबास्टियन फेटेल बघायला आले होते, त्याने चौथं विश्वविजेतेपद त्या दिवशी पक्कं केलं. तो पहिल्या जागेवरून सॉफ्टवर निघाला आणि दुसऱ्याच फेरीनंतर पिटमध्ये! आमच्या मागे बसलेलं एक कुटुंब हळहळलं, त्यांना वाटलं गाडी बिघडली. सॉफ्टची वाट लागणार हे माहीत असल्याने तो टाकून मोकळा झाला होता, बाकी काही नाही.

पण मी बघत होतो लोटस संघाच्या दोन गाड्या. रोमँ ग्रोजाँ 17व्या जागेवरून निघाला होता, किमी रायकोनेन सहाव्या. दोघांनीही एका स्टॉपचा डाव मांडला. गाडी तीच, रबर तेच. रायकोनेनने सॉफ्ट लवकर टाकला, सातव्या फेरीला. ग्रोजाँने तो 13व्या फेरीपर्यंत ताणला. सहा फेऱ्यांचा फरक, ऐकायला काहीच नाही. ग्रोजाँने मीडियमवर उरलेल्या 47 फेऱ्या काढल्या आणि तिसरा आला. 17वरून तिसरा! रायकोनेनचा टायर शेवटाला बसला, एकेक गाडी त्याला ओलांडून गेली आणि अगदी शेवटी त्याला आत यावंच लागलं. तो सातवा आला, आणि नव्या टायरवर शेवटच्या फेरीत रेसमधली सर्वांत वेगवान फेरी मारून गेला, म्हणजे गाडीत वेग होता हे सिद्ध करायला जणू. रायकोनेन हा टायर जपण्यात वाईट होता का? मुळीच नाही, त्या काळी त्याच्याइतका हात हलका असलेले फार थोडे होते. म्हणून एका स्टॉपवर जिंकला तो शहाणा आणि फसला तो गाढव, असं मी तरी म्हणत नाही. सीमारेषा कुठे आहे ते रेषा ओलांडल्यावरच कळतं.

आता दीड किलोचं. तुमच्या तिसऱ्या मित्राचा मुद्दा मला आवडला, कारण त्यात थोडं खरं आहे आणि ते बाकी दोघांनी उडवून लावलंय.

नियम साधा आहे. 2024 ला गाडी, टायर आणि चालक मिळून, इंधन सोडून, वजन किमान 798 किलो असायला हवं. रेसनंतर रसेलची गाडी काट्यावर चढवली तेव्हा बरोबर 798.0 भरली. मग इंधन उपसलं आणि पुन्हा चढवली, 796.5. दुसऱ्या काट्यावरही तेच. संपला विषय.

टायर झिजल्याने दीड किलो जाऊ शकतो का? कागद घ्या. तेव्हा पुढचा टायर 305 मिलिमीटर रुंद, मागचा 405, व्यास 720. म्हणजे घेर सव्वादोन मीटरच्या वर. जमिनीला लागणारी रुंदी थोडी कमी धरा. या चार पट्ट्यांवरून फक्त एक मिलिमीटर रबर उतरवलं तर साधारण तीन किलो होतात. एक मिलिमीटर, म्हणजे आपल्या एटीएम कार्डापेक्षा थोडी जास्त जाडी. दीड किलोला अर्धा मिलिमीटर पुरे. 18 फेऱ्यांचा टायर आणि 34 फेऱ्यांचा टायर यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर त्यात नवल नाही. संघाने नंतर दिलेलं कारणही याच दिशेचं होतं, शिवाय गाडीच्या पोटाखालच्या फळीची झीज आणि चालकाचं स्वतःचं घटलेलं वजन.

वरून स्पाची एक खोड आहे. बहुतेक ट्रॅकवर झेंडा पडल्यावर एक संथ फेरी असते. त्या फेरीत चालक मुद्दाम रेषेबाहेर, जिथे रबराचे गोळे पडलेले असतात, तिथून गाडी नेतात. गरम टायर ते गोळे उचलतो आणि गाडी जड होते. टीव्हीवर लोकांना वाटतं, हा प्रेक्षकांना हात करायला कडेला गेला. स्पाला ती फेरीच नाही. झेंडा पडला की ला सूर्स वळून लगेच पिटच्या तोंडातून उलटं आत यायचं. कचरा उचलायला रस्ताच उरत नाही.

हा कचरा किती असतो ते मला हाताने माहीत आहे. रेसनंतर आम्ही टायरवर हीट गन धरतो, रबर मऊ झालं की पत्र्याच्या पट्टीने खरवडतो. पापडासारखे पापुद्रे निघतात, उग्र वास येतो, दोन दिवस नखांतून जात नाही. खाली मूळ टायर लागला की त्यात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, त्यांत मापक खुपसून खोली मोजायची. वरून जाडजूड वाटणारा टायर खरवडल्यावर कागद निघतो. एकदा अशा चारही टायरांवरून निघालेला कचरा मी पिशवीत भरून काट्यावर ठेवला होता, किलोच्या वर भरला. आमच्या छोट्या गाडीचा.

आणि आम्हीही यात मार खाल्लाय. चेन्नईतली गोष्ट, उन्हाळा. आमचा पोरगा मुळात सडपातळ, त्यात बंद हेल्मेट, तीन थरांचा सूट. रेसआधी त्याला आणि गाडीला मोजलं तेव्हा वर जेमतेम एक किलो शिल्लक होतं. मी म्हटलं पुरे. रेसमध्ये तो तिसरा आला, आनंदात संथ फेरीला कचऱ्यावरून न जाता सरळ स्वच्छ रेषेवरून हात हलवत आला. काट्यावर सहाशे ग्रॅम कमी. पोराचंच दीड किलो घामातून गेलं होतं. करंडक परत द्यायला मीच गेलो, कारण वर ठेवलेला एक किलो माझा निर्णय होता. त्याच्या वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही, ते जास्त लागलं.

तर लबाडी नव्हती, हिशेब तंग ठेवला होता. दोन स्टॉपची रेस धरून वजन भरलं, गाडीने एका स्टॉपची रेस केली. पण आता तुमच्या दुसऱ्या मित्राने, जो रसेलचा आहे, हे ऐकून घ्यावं. दीड किलो म्हणजे फेरीला किती? वरचाच ढोबळ आकडा लावा, अर्धा दशांश सेकंद. तेवढा. पण 44 फेऱ्यांनी गुणा. दोन सेकंद! आणि जिंकला किती फरकाने? अर्ध्या. संघाला हे आधी कळलं असतं आणि त्याने सुरुवातीलाच दीड किलो शिसं गाडीत टाकलं असतं, तर शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टन रसेलच्या मागे नव्हे, कदाचित बरोबर शेजारी असता. कदाचित रसेलने तरीही अडवलं असतं. ते मला सांगता येणार नाही आणि स्टुअर्ड्सनाही (रेसच्या पंचांनाही) सांगता येणार नाही, म्हणूनच वजनाच्या नियमात ‘थोडं’ हा शब्द नाही. म्हणून त्या अर्ध्या सेकंदाच्या आधारावर कोण भारी हा वाद लढवू नका, तो अर्धा सेकंद वजनाच्या हिशेबातच विरघळतो.

मग रसेलला मी त्या दिवशीचा सर्वोत्तम का म्हणतो? कारण माझं मत काट्यावर आणि घड्याळावर नाही, त्या चढू न दिलेल्या रेघेवर आहे. त्याच दिवशी फर्नांडो अलोन्सोनेही एकच स्टॉप केला आणि गुण मिळवले, म्हणजे ट्रॅक तयार होता, दार उघडं होतं. पण पुढच्या गटातल्या वेगाने, मागे नव्या टायरांची रांग लागलेली असताना, 34 फेऱ्या त्या दारातून जाणं हे वेगळं काम आहे. तो गुणांना मुकला. माझ्या वहीतून मुकलेला नाही.

हॅमिल्टनबद्दल एकच. हा त्याचा 105वा विजय, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो दिसला नाही, कारण व्यासपीठावर तो दुसऱ्या पायरीवर उभा होता. त्याने काहीच वाईट चालवलं नाही. तिसऱ्या फेरीला पुढे गेला, टायर राखला, सांगितलं तेव्हा आत आला. व्हर्स्टॅपन 11व्या जागेवरून पाचवा आणि रसेल बाद झाल्यावर चौथा, हे त्याच्या हिशेबाने शांत काम. लँडो नॉरिसने पहिल्याच वळणाच्या बाहेर खडीत जाऊन जागा घालवल्या, त्याच्यावर टायरने काय अन्याय करायचा!

तुम्ही शेवटी विचारलंय की यातून संघ काही शिकले का. पाच आठवड्यांनी, 1 सप्टेंबरला, मोंझाला बघा. तिथेही नवं डांबर, पुढच्या डाव्या टायरला ग्रेनिंग, सगळ्यांच्या कागदावर दोन स्टॉप. मॅकलारेनची गाडी वेगवान होती आणि पियास्त्री पुढे होता. फेरारीने लक्लेरला 15व्या फेरीला हार्ड घातला आणि तिथेच ठेवला, उरलेल्या 38 फेऱ्या. ग्रेनिंग मधल्या काळात आलं, आणि मग झिजून साफही झालं, जे पुढच्या टायरला कधीकधी होतं, चालकाने घाई केली नाही तर. पियास्त्री दुसऱ्या स्टॉपनंतर झपाट्याने येत होता, पण 2.664 सेकंद कमी पडला. याही वेळी डाव पुढच्या माणसाने नव्हे, मागच्याने मांडला होता, आणि या वेळी गाडी काट्यावर पूर्ण भरली. मॅकलारेनच्या भिंतीवर त्या दिवशी जो उभा होता, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण स्पा पाहिली होतीस ना, एवढं मात्र मी त्याला विचारलं असतं.